वडिलांची घरी शुश्रूषा: डॉक्टर, नर्स, फिजिओ यांचा मेळ कसा बसवायचा?

पाऊलवाट:
वडिलांना पार्किन्सन्स आहे, जोडीला रक्तदाब आणि प्रोस्टेट. तिन्हींचे डॉक्टर वेगळे. टाचेच्या जखमेच्या ड्रेसिंगला नर्स येतात, व्यायामाला फिजिओ, दिवसभर मावशी असतात. सगळे मनापासून करतात, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसतं. काल फिजिओ म्हणाले, "उभं केलं की यांना गरगरतंय." हे नेमकं कोणाला सांगायचं? ज्यांनी घरी असं निभावलंय त्यांनी कृपया सुचवा.

रातराणी:
मी घरोघरी जाणारी नर्स आहे. आधी गरगरण्याचं बघा, पडले तर सगळंच अवघड होईल. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्यायला सांगा, मग आधार देऊन उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पार्किन्सन्समुळे असं होतं, बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही होतं. तिघांच्या चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर असतात, त्रास होतो तो एकत्र आल्यावर. मनानं गोळी बंद मात्र करू नका.

उशाशी एक वही ठेवा. पहिल्या पानावर सगळी औषधं: कशासाठी, किती, कधी, कोणी दिलं. चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामकंही लिहा. पुढे येईल त्यानं दोन ओळी लिहायच्या आणि 'कोणासाठी' हा रकाना भरायचाच. तो नसला की वही भरते, वाचत कोणीच नाही.

उंबरठा:
आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. जखमेचे फोटो पाठवायला बरा, पण औषधातला बदल शुभेच्छांच्या गर्दीत वाहून जातो. त्यापेक्षा फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सगळ्या औषधांवर एकत्र नजर तुम्ही ठेवाल का?" कोणीतरी एकानं हो म्हणायला हवं. आणि हॉस्पिटलमधून घरी आणाल त्या दिवशी जुनी यादी सरळ काट मारून नवी लिहून घ्या, घोळ तिथेच होतात.

पाऊलखुणा:
फिजिओ म्हणून सांगते. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीचा, असर असताना व्यायाम घ्या. असर ओसरल्यावर आम्ही पोचलो, तर पाय उचलतच नाहीत आणि 'पेशंट सहकार्य करत नाही' असा चुकीचा शेरा पडतो. हात कधी मोकळे होतात हे मावशींना विचारा. त्या सर्वांत जास्त बघतात, त्यांना कोणीच विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. टाचेवर भार कितपत चालेल, हे नर्सनी आमच्यासाठी लिहून ठेवावं.

पाऊलवाट:
खूप आभार. मावशींना विचारलं, तर क्षणात म्हणाल्या, "सकाळच्या गोळीनंतर तासाभरानं स्वतः कप धरतात. फिजिओ येतात तेव्हा बोटं आखडलेली असतात." फिजिओंना वेळ बदलायची विनंती केली आहे. उद्या नर्स आल्या की उभ्यानं बीपी मोजून घेते आणि आकडे फॅमिली डॉक्टरांना कळवते.