रि: डिसेंबरात नागपूर, कन्हानच्या पात्रात जीप

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरात तीन आठवडे घरी जातोय. भावाने जुनी जीप घेतली आहे. मोठे टायर, स्नॉर्केल (पाण्यात इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी), सगळं करून ठेवलंय. कन्हानच्या पात्रात नेऊ, पाण्यातून काढू, व्हिडिओ करू म्हणतो. इथे टेक्सासमध्ये दंड होतो हे ऐकून आहे. तिकडे काही नियम आहे का? नदीचं पात्र कोणाच्या मालकीचं नसतंच ना?
– ऑस्टिनचा नागपूरकर

---

अरे, इथेही लोक हेच म्हणायचे. नौकानयनाजोग्या नदीचं पात्र राज्याचं, म्हणजे जनतेचं, मग आमची गाडी का नको? शेवटी 2003 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 2004 पासून अशा पात्रात गाडी घालायला बंदी आली. दंड 500 डॉलरपर्यंत. कॅनेडियन नदीसारखे एकदोन अपवाद आहेत, आणि पलीकडे जायचंच असेल तर सार्वजनिक रस्ता जिथे पात्र ओलांडतो तिथून जाता येतं. पात्रातून लांबलांब फिरणं मात्र बंद. मिशिगन तर आणखी कडक. तिथे ऑफ-रोड गाडीने प्रवाह ओलांडायचा तर पुलावरून किंवा मोरीवरून.
– डॅलसची ताई

---

नदी सोडा. एखादा ओढा चालेल का?
– ह्यूस्टन, मूळ पुणे

---

पुणेकर, तुमचा ओढा म्हणजे आमचा नाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 20 काढून वाचा. नद्या, ओढे, नाले, तलाव, सगळ्यांचं पात्र सरकारच्या मालकीचं. वेगळा हक्क सिद्ध केला तर गोष्ट निराळी.

आता भाच्या, तुझ्याकडे वळतो. पात्र कोणाचं नसतं म्हणे! बाप्पा, डिसेंबरात येऊन तर पाहा. पाणी ओसरलं की नदीकाठचे लोक रेतीत चर खणतात, शेणखत भरतात, डांगर-टरबुजाचं बी टाकतात. वरून पाहिलं तर नुसती रेती दिसते. तुमचं एक चाक गेलं की चर बुजला, आणि त्या माणसाचा उन्हाळा गेला. तो कोणाकडे तक्रार करणार? गाडीचा नंबरही त्याला दिसलेला नसतो.

दुसरं, रेतीघाटांचे, म्हणजे रेती उपसून झालेले खड्डे. मागच्या उन्हाळ्यात मी पात्रात पायी उतरलो होतो. समोर घोट्याएवढं पाणी, तळ स्वच्छ दिसून राहिला होता. दोन पावलं पुढे काठी टेकवली तर अख्खी आत. स्नॉर्केलने इंजिन वाचेल एक वेळ, गाडी काय तरंगणार आहे? आणि गाडी बुडाली की डिझेल, ऑइल, ग्रीस सगळं पाण्यात. नागपूरच्या नळाला कन्हान-पेंचचंच पाणी येतं, तुझ्या आईच्या माठातलंसुद्धा.

कायद्याचं म्हणशील तर नदीत गाडी घालू नये असा एका ओळीचा कायदा दाखव म्हटलंस तर दाखवता येणार नाही, पण म्हणून मोकळं रान समजू नको. पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर या अभयारण्यांकडचा विचारही करू नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणंच गुन्हा, आणि अधिवासाला धक्का लावणं, पाण्याचा प्रवाह वळवणं कलम 29 मध्ये वेगळं. बाहेर मोटार वाहन कायदा आहेच. 2023 च्या डिसेंबरात हिमाचलातल्या लाहौलमध्ये एकाने चंद्रा नदीतून थार गाडी काढली, व्हिडिओ फिरला आणि पोलिसांनी 3500 रुपयांचं चलान फाडलं. म्हणजे पुरावा त्यानेच पुरवला. तुझा भाऊ तेच करून राहिला आहे. शिवाय आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीशी, न जुळणारा फेरबदल त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये येतो, तेव्हा त्या टायरांचं आधी आरटीओत विचारून घ्या.

पाणी ओलांडायची हौसच असेल तर गावोगावी रपटे, म्हणजे नदीनाल्यावरचे बुटके पूल आहेत, त्यावरून जा. सरळ, हळू, पाण्याला आडवं. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिर. पावसाळ्यात दरवर्षी माणसं तिथेच वाहून जातात.
– काका, धरमपेठ

---

काका, मेल भावाला दाखवली. पहिल्यांदा म्हणाला, काका घाबरवून राहिले. मग चर कुठेकुठे असतात ते विचारायला लागला. जीप घाटावरच ठेवू, पात्रात पायी उतरू असं ठरलंय. टरबूज मिळेल का?
– ऑस्टिनचा नागपूरकर

---

डिसेंबरात टरबूज? एप्रिलमध्ये ये. आत्ता आलास तर चर खणताना दिसतील. उतरताना काठी सोबत ठेव.
– काका