मंडळीतला (म्हणजे चर्चच्या सभासदांमधला) वाद कोर्टात नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

जालनेकर:
सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मराठवाड्यातल्या एका मंडळीत चर्चच्या कंपाउंडची जमीन आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची निवडणूक यावरून दोन गट पडलेत. एक गट चर्चमध्ये उपासना घेतो, दुसरा त्याच वेळी संडे स्कूलच्या हॉलमध्ये. वकील वेगळे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळे. एकमेकांत सोयरीक असूनही यंदा नाताळच्या फराळाचं ताट इकडून तिकडे गेलं नाही. गावाचं नाव घेत नाही, कारण असं एकच गाव नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, करिंथकरांना, पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हेच विचारलं: भावाभावाचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? मत्तयाच्या १८व्या अध्यायात प्रभूने क्रमही सांगितलाय. आधी एकट्याने जाऊन भेट, मग दोघातिघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळतो आणि तिसरीच्या जागी वकिलाची नोटीस पाठवतो. तारखा पडत राहतात, तोवर तरुण पोरं मंडळी सोडून जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

छावणीवाला:
जालनेकर भाऊ, तुमची तळमळ कळते, पण मी पूर्ण विरोधात आहे. करिंथमधला वाद दोन भावांच्या खाजगी व्यवहाराचा होता. मंडळीची जमीन कुणा भावाची नाही, ती सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) आहे. १९५०च्या न्यास कायद्याप्रमाणे हिशेब ठेवणं, ऑडिट करणं, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देणं बंधनकारक आहे. हे मागणाऱ्याला भांडखोर का म्हणायचं? "शांती राखा" हे वाक्य मी नेहमी हिशेबाची वही हातात असलेल्यांच्याच तोंडून ऐकलंय. आणि पौलानेही शेवटी कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितलीच की (प्रेषितांची कृत्ये, २५वा अध्याय).

कागद कच्चे ठेवून केलेलं ऐक्य टिकत नाही, याचा मोठा दाखला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि आधीच एकत्र आलेलं युनायटेड चर्च. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटी बाहेर राहिली. पण गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१३ साली न्यायालयाने सांगितलं की नुसत्या ठरावाने न्यास विसर्जित होत नाही, मालमत्ताही नव्या चर्चकडे जात नाही. ४३ वर्षांनी! त्या वेळी कुणी कायद्याचा प्रश्न विचारला असता तर त्यालाही ऐक्याचा शत्रू ठरवलं असतं.

संडे स्कूल टीचर, बीड:
दोघा भावांना सलाम. दोघांचंही वाचलं, पण मंडळीतल्या बायका यात कुठंच दिसल्या नाहीत. उपासनेला निम्म्याहून जास्त आम्ही असतो. भांडण झालं की घरात गप्प बसायला आम्हालाच सांगतात. मुलं मला विचारतात, टीचर, आपण हॉलमध्ये बसायचं की चर्चमध्ये? मी काय उत्तर देऊ?

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. कुरकुर झाली. प्रेषितांनी "शांत राहा" म्हटलं नाही, सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर... सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटप दिलं. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याचं नाव आधी यादीतून जातं.

घोगरगाव परिसर:
मी कॅथलिक. आमच्याकडे जमिनीचा निर्णय धर्मप्रांत, म्हणजे बिशपांचं कार्यालय, घेतो, त्यामुळे अशी भांडणं कमी दिसतात. पण सामान्य माणसाला विचारतो कोण, हा प्रश्न आमच्याकडेही आहेच. आमच्या भागात मिशनरी फादर गुरियन जाकिये यांचं नाव आजही भक्तीने घेतात. इतर मंडळ्यांची माणसंही घेतात. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह असतो. तो तरी एकत्र पाळू या.

नवी फेलोशिप:
मला कळत नाही, एकत्र राहायचा एवढा अट्टहास का? पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचा, मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून, इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले (कृत्ये १५). त्यातून एकाऐवजी दोन तुकड्या कामाला लागल्या. जुन्या मंडळ्यांत जमीन आहे म्हणून भांडण आहे. आम्ही भाड्याच्या खोलीत भक्ती करतो, भांडायला काही नाही.

जालनेकर:
नवी फेलोशिपचे पास्टर, वेगळं होणं वेगळं आणि वैरी होणं वेगळं. पुढे पौलच करिंथकरांना लिहिताना बर्णब्याला आपल्या बरोबरीने उभा करतो, आणि आपला सहकारी तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेत उपयोगी आहे. तुमच्या खोलीत आलेली आमची पोरं आमच्या माणसाच्या मयतीलाही येत नाहीत. दफनभूमी तरी सगळ्यांची एक असू द्या.

उदगीरकर:
सगळे जमिनीवर बोलताय. गटांची यादी घ्या आणि कोणाची सोयरीक कोणाशी होते ते बघा. आपल्या आजोबा-पणजोबांची जात प्रत्येक गटात बसलेली दिसेल. ब्राह्मण घरात जन्मलेले नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, मातंग समाजातून आलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी त्यांनी बेथेल गाव वसवलं. एकोणिसाव्या शतकात! आणि आज आपण पंच निवडताना आडनाव बघून मत देतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, म्हणून आपण दिल्लीकडे न्याय मागतो. तो मागायलाच हवा. पण मंडळीतला हा भेद दिल्लीने घातलेला नाही. हे बोलल्याशिवाय कुठलीही समेट बैठक वरवरची राहील.

जालनेकर:
उदगीरकर सर, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. माझा मुद्दा मी सोडत नाही: भावाविरुद्ध दावा नको. पण धर्मादाय कार्यालयात हिशेब देणं म्हणजे दावा नव्हे, ते वेगळं ठेवू. बीडच्या ताईंचा अध्याय धरून सुचवतो, सात जण बसवा. त्यात निदान तीन बायका, दोन शेजारच्या मंडळीतले, आणि तक्रार करणाऱ्या गटाने निवडलेले दोघे हवेतच. पाळक त्यात नकोत, त्यांना दोन्ही घरी जावं लागतं.

छावणीवाला:
सात जणांना माझी हरकत नाही. पण मुदत हवी. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्यामुळे निवडणूक झाल्या दिवसापासून मोजा, आणि पहिल्या बैठकीतच मालमत्तेचे कागद, सातबारा, बँकेचं पासबुक, मागच्या वर्षांचं ऑडिट टेबलावर ठेवा. झेरॉक्स सगळ्यांना द्या, बायकांनाही. कागद आले नाहीत तर ९१व्या दिवशी मी तक्रार करणाऱ्या गटाला धर्मादाय कार्यालयात तक्रार अर्ज करायचाच सल्ला देईन, जालनेकर भाऊ, तुम्ही कितीही रागावलात तरी.

संडे स्कूल टीचर, बीड:
आणि तोवर मुलांची संडे स्कूल एकच ठेवा. दोन्ही गटांची मुलं एका सतरंजीवर. हे ठरवायला ९० दिवस लागत नाहीत, येत्या रविवारी करता येईल.