क्षितिज मध्यावर आलं तर?

समुद्राचा फोटो काढताना ‘क्षितिज कधीच मध्यावर नको, फ्रेमचे तीन सारखे भाग करून एक-तृतीयांशाच्या रेघेवर ठेवा’ असं ठासून सांगितलं जातं. ओहोटीच्या वेळी दापोलीजवळच्या मुरूडला किंवा कर्द्याला जाऊन बघा. तिथली पुळण इतकी सपाट की पाणी मागे सरलं की ओल्या वाळूत अख्खं आभाळ उतरतं. वरचं आणि खालचं आभाळ सारख्याच तोलाचं असताना एकाला दोन वाटे, दुसऱ्याला एक, हा कुठला न्याय? बिनधास्त मध्यावर घ्या. फक्त रेघ सरळ हवी, जराशी कलली तरी समुद्र सांडतोय असं वाटतं.

तसंही या ‘तृतीयांशा’ला नियमाचं नाव दिलं जॉन थॉमस स्मिथने, १७९७ साली, चित्रकलेबद्दल लिहिताना. तेव्हा फोटो काढणारा कॅमेरा जन्मायचा होता!

पावसाळ्यात हर्णैहून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला धुरकट दिसतो, तेव्हा ‘फोटोत पुढे एखादा खडक हवाच’ हा नियमही मी सोडून देतो. अगदी तळाशी किल्ल्याच्या तटाची बारीक पट्टी, वर नुसते राखाडी ढग. उभ्या फ्रेममध्ये हे जास्त खुलतं. (आणि लेन्स पुसायला कापड दोन ठेवा, एक भिजणारच.)

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेला मात्र वरून किनाऱ्यालगतचा, नजर आत नेणारा वळणदार रस्ता आयता मिळतो. तिथे नियम मोडायची हौस कशाला?