मदत हवी आहे : २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे नववीच्या मुलांकडून हाताने कसे करून घ्यावे?

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमच्या विज्ञान प्रदर्शनात बहुतेक वेळा गणिती कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक असतो (त्यांचा जन्म डहाणूचा, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचा, तेव्हा तक्रार नाही); यंदा मात्र मुलांनी २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या निवडली आहे. ती मूळ असल्याचे गणिती ऑयलर यांनी १७७२ मध्ये बर्नुली यांना पत्राने कळवले होते. त्यांनी ते हाताने भागाकार करून ठरवले, म्हणून आम्हीही संगणक बाजूला ठेवायचे म्हणतो.

वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे येते, म्हणून तिथपर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून पाहायचे. पण तिथपर्यंतच्या मूळ संख्याही साडेचार हजारांहून अधिक आहेत. कोणताही मूळ विभाजक घेतला तरी त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरते, हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (विषम मूळ संख्येतून १ वजा करून येणाऱ्या घातापर्यंत २ चढवला, तर त्या मूळ संख्येने भागून बाकी १ उरते) मुलांना पटले आहे. २०४७ वर त्यांनी ताळाही पाहिला : तिथे घातांक ११, त्यामुळे २२ ने भागून १ उरायला हवा, आणि २३ × ८९ मध्ये तो उरतो.

अडते ते पुढे. विभाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते, या दुसऱ्या अटीमुळे २४८न + १ आणि २४८न + ६३ (न ही पूर्ण संख्या) एवढेच उमेदवार उरतात आणि भागाकार ३७२ वर येतात, जे वर्गात वाटून देता येतील. परंतु या अटीची मला येणारी सिद्धता वर्ग-अवशेषांच्या (वर्गसंख्यांना भागून उरणाऱ्या बाक्यांच्या) भाषेतली आहे, आणि ‘असे असते’ म्हणून ती अट फळ्यावर लिहून टाकायची माझी तयारी नाही. निव्वळ बाक्यांवर चालणारी मांडणी कोणी सुचवू शकेल का?

प्रतिसाद

बाई, तुमची ६२ ची अटच पुरेशी आहे. विभाजकातून १ वजा केल्यास ६२ ची पट मिळते, तिचे निम्मे ३१ च्या पटीत असते, म्हणून २ च्या तेवढ्या घाताची बाकी १ च हवी.

आता २०४७ साठी ६७ तपासा. २, ४, ६ … ६६ यांचा गुणाकार म्हणजे २ चा ३३ वा घात गुणिले १ ते ३३ यांचा गुणाकार. त्यातील ३४ ते ६६ या सम संख्यांच्या जागी ६७ वजा करून −३३, −३१ … −१ लिहिले, तर चिन्हे सोडून पुन्हा १ ते ३३ याच संख्या मिळतात. उणे चिन्हे १७, म्हणजे विषम. घाताची बाकी −१ येते आणि ६७ बाद होतो. विभाजक ८न + १, ३, ५, ७ असा असेल, तर उणे चिन्हे अनुक्रमे २न, २न + १, २न + १, २न + २ असतात. मधले दोन आपोआप गळतात.

वाटप करण्यापूर्वी ३, ५, ७, १३ च्या पटी खोडून घ्या, कारण २४९, ४९७, ५५९ त्यातच जातात. पहिला खरा भागाकार ३११ चा. बाकी ३५ आली, तर मुलांचा हात बसला असे समजा.