कोईच्या तळ्यात हीटर लावणाऱ्यांनो, जरा थांबा

तळ्यातमळ्यात (डेट्रॉइटजवळ)

'एडिसनचा आबा' यांनी परवा कोईच्या (शोभेच्या रंगीत जपानी माशांच्या) तळ्याच्या थंडीच्या तयारीवर जे लिहिलं त्याला प्रतिसाद द्यायला बसलो आणि तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय. त्यांचा सल्ला थोडक्यात असा: हीटर लावून पाणी कोमट ठेवा, पंप तळाशीच चालू राहू द्या, बर्फ धरला तर हातोडीने फोडा, आणि मुक्या जिवाला उपाशी ठेवू नये म्हणून रोज चिमूटभर तरी खायला घाला. चारही गोष्टी चूक, आणि खाली 'छान माहिती, धन्यवाद'ची रांग!

पाणी ३९ फॅरनहाइटला सगळ्यात जड असतं. ते तळाशी बसतं, वर बर्फ धरतो, आणि मासे खालच्या थरात कल्ले हलवत गप पडून राहतात. तळातून पंप चालवलात की वरचं गार पाणी खाली आणि खालचं वर. मग तो गप पडलेला मासा जाणार कुठे? पंप विटांवर उचलून ठेवा. हातोडीचा दणका पाण्यातून थेट माशाला बसतो. त्यापेक्षा उकळत्या पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवा, आपोआप भोक पडतं. भोक हवंच, पण ते हवेसाठी. कुजणाऱ्या पानांचा वायू बाहेर गेला पाहिजे आणि ऑक्सिजन आत आला पाहिजे. एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड फूटभर खोलीवर सोडला तर बहुतेक दिवस भागतं. कडाका पडला तर १०० वॅटचा तरंगता डीआयसर, म्हणजे भोकापुरता बर्फ वितळवणारं यंत्र. १५०० वॅटचा हीटर अखंड चालला तर दिवसाला ३६ युनिट, १०० वॅटला २.४. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि खाणं! पाणी ५०च्या खाली गेलं की खाण्याचा डबा कपाटात. पचन जवळजवळ थांबलेलं असतं. माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे फिल्टरमधले जिवाणूही गारठलेले. मग घाण करणारा कोण आणि निस्तरणारा कोण?

एडिसनचा आबा

मास्तर, दंडवत. तुमचं मिशिगन तुम्हाला लखलाभ. आमच्या न्यू जर्सीत डिसेंबरात दोन दिवस कानटोपी आणि तिसऱ्या दिवशी हाफ चड्डी. पाणी ५५ला चढतं, मासे वर येऊन तोंडं उघडतात. तेव्हा काय पुस्तक वाचून दाखवू त्यांना? व्हीटजर्मच्या (गव्हाच्या अंकुराच्या, पचायला हलक्या) गोळ्या असल्याच दिवसांसाठी मिळतात.

हीटरचं म्हणाल तर ज्यांनी हा मासा घडवला त्या जपानमधल्या निगाताच्या लोकांना विचारा. तिथे माणूस बुडेल इतका बर्फ पडतो. ते ऑक्टोबरात मासे मातीच्या तळ्यांतून काढून शेडमधल्या हौदांत आणतात. तुमच्यासारखे 'निसर्ग बघून घेईल' म्हणत खिडकीत कॉफी पीत बसत नाहीत. माझे मासे वर्षानुवर्षं जगलेत. बास.

स्थितप्रज्ञ२

पंपावरून आठवलं. माझ्या मेव्हण्याने धबधबा हिवाळाभर चालू ठेवला होता. बर्फाचे झुंबर लोंबतात, फोटो झकास येतात. एका रात्री ओघळातच बर्फाचा बांध धरला आणि पाणी बाजूने शेजाऱ्याच्या हिरवळीवर. पंप इमानदारीने उपसत राहिला. सकाळी तळ्यात घोटाभर पाणी आणि शेजारी दारात. फोटो अजून भिंतीवर आहे.

निफाडकर

हे ५०, ५५, ३९ काय चाललंय? मराठीत लिहिताय तर सेल्सियसमध्ये लिहा की! इथे पारा ५च्या खाली गेला तर द्राक्षवाला रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो, आणि तुम्ही ५०ला थंडी म्हणताय.

बाकी माझ्या मामेभावाचे गोल्डफिश कॅनडात बर्फाखाली अर्ध्या पिंपात जगले. ना पंप, ना भोक. तुम्हा लोकांना पैसे जास्त झालेत.

तळ्यातमळ्यात

५० म्हणजे १०, ३९ म्हणजे ४. झालं समाधान?

गोल्डफिश आणि कोई एका तागडीत तोलू नका. ऑक्सिजन संपला की गोल्डफिश शरीरातल्या शरीरात अल्कोहोल तयार करून कल्ल्यांवाटे सोडतो, त्यामुळे आम्ल साठत नाही. कोईला ही सोय नाही.

आबा, निगातातले व्यापारी मासे आत घेतात ते विकायचा माल म्हणून. शेडमध्ये ठेवणं वेगळं आणि उघड्या तळ्याखाली शेगडी पेटवणं वेगळं.

कर्लीकाठ

म्हणजे गोल्डफिश हिवाळाभर टुन्न आणि कोई ड्राय डे! माझं मत: हा शेवटी सायप्रिनस, म्हणजे साधा कार्प, भिगवणला चिलापीशेजारी ढिगात पडलेला असतो तोच. रंगीत कपडे घातले म्हणून त्याला डॉलरचं पांघरूण? आमच्या मालवणात तो फुकटही कोणी खाणार नाही.

मिनेसोटाची मावशी

आमच्याकडे तळं दोनच फूट खोल, कारण दोन फुटांवर गेलं की गावाच्या नियमाप्रमाणे कुंपण घालावं लागतं, आणि कुंपणाचा खर्च ऐकून आमच्या ह्यांनी फावडं खाली ठेवलं. एवढ्या उथळ तळ्यात इथे मासा टिकायचा नाही. थँक्सगिव्हिंगच्या आत सगळे तळघरातल्या टबात. वर जाळी, नाहीतर उडी मारून फरशीवर.

खाण्याच्या बाबतीत मात्र तळ्यातमळ्यात बरोबर. सासूबाई वाईहून आल्या होत्या. कृष्णेच्या घाटावर कणकेच्या गोळ्या टाकायची जन्माची सवय. मासे बाहेर असताना नोव्हेंबरात ऊन पडलं की परात घेऊन तळ्यावर. नको म्हटलं तर 'पाप लागतं गं'. वसंतात शोवा जातीचे दोन कोई पोट फुगून गेले.

अमृताक्षी

व्वा! मासे मेले, खापर सासूवर. सहा महिने त्या बाईला ना गाडी, ना शेजार, तुम्ही दोघं लॅपटॉपमध्ये. बोलायला होतं कोण, तर मासे. तिथेही तुम्ही पाटी लावली.

मिनेसोटाची मावशी

अहो ताई, माझ्या सासूबाईंचं वकीलपत्र तुम्हाला कोणी दिलं? दर शनिवारी मंदिरात नेत होते, भिशीला नेत होते. ओळखदेख नसताना माझ्या घरात कशाला डोकावता?

अमृताक्षी

घर तुम्हीच उघड्यावर मांडलंत. माझी आई न्यू हॅम्पशरला तशीच खिडकीत बसून गेली, म्हणून बोलले.

एडिसनचा आबा

अमृताक्षी यांना +१. ज्या माणसाने जन्मभर आल्यागेल्याला ताट वाढलं, त्याला 'डबा कपाटात' म्हणून सांगायचं? दोन मासे गेले तर गेले.

निफाडकर

म्हणूनच मी पोराला सांगितलंय, तिकीट पाठवू नकोस. इथे मला द्राक्षं आहेत, पार आहे.

तळ्यातमळ्यात

विषय पाण्याचं तापमान आहे! मावशी, त्या शोवांचं नक्की काय झालं ते कणकेवर ढकलता येणार नाही. पाणी चाळिशीतून साठीकडे जाताना जिवाणू आधी जागे होतात, माशाची प्रतिकारशक्ती मागाहून. तळघरातून बाहेर काढलेले मासे नेमके त्यातच सापडले असतील. कणीक घालू नयेच, पण फाशी द्यायला पुरावा कमी आहे.

अमृताक्षी

पुढच्या वेळी त्यांना रोज थर्मामीटर वाचून वहीत लिहायचं काम द्या. ५०च्या वर आकडा असेल तरच चिमूटभर व्हीटजर्म, त्यांच्याच हातून. तळ्यावर जाणंही होईल.

मिनेसोटाची मावशी

सल्ला बरा आहे, देणारीचा सूर नाही. आधी त्यांना फॅरनहाइट शिकवावं लागेल, नाहीतर निफाडकरांसारखं माझ्यावर ओरडतील.

एडिसनचा आबा

पंप दोन विटांवर ठेवला. बायकोने सांगितलं म्हणून, मास्तरांनी सांगितलं म्हणून नव्हे. हातोडी गॅरेजमध्ये गेली. हीटर राहणार, बिल मी भरतो. आणि मेपलची पानं पडू नयेत म्हणून तळ्यावर जाळी घालायची ती बगळ्यासाठी तशीच ठेवायची की बर्फ पडायच्या आधी काढायची, यावर एवढ्या विद्वानांपैकी एकानेही तोंड उघडलेलं नाही.

तळ्यातमळ्यात

पानं संपली की काढायची. जड बर्फाने ती तळ्यात बसते, खांब्यांसकट. बगळ्यासाठी वेगळा धागा काढा. इथे आणलात तर संपादकांना कळवेन.