जॅकेटच्या पाठीवर मोठी अक्षरं: टाके सैल, कडा वाकड्या, शिरोरेषेखाली फट

सुईदोरा:
नमस्कार मंडळी, मदत हवीय. फ्लीसच्या जॅकेटवर पाठीमागे एम्ब्रॉयडरी मशीनने नाव भरायचंय, अक्षराची उंची 10 सेंमी, उभ्या दांड्याची जाडी 14-15 मिमी. सॉफ्टवेअरमधलाच सॅटिन टाक्याचा फॉन्ट घेऊन मोठा केला आणि तसल्याच कापडाच्या तुकड्यावर ट्रायल घेतली तर टाके लांबच लांब आणि सैल, नखात अडकतात, मशीन मधेमधे अडखळतं, दांड्याच्या कडा आत ओढल्या गेल्यात आणि शिरोरेषा नि अक्षर यांच्यात चक्क फट दिसतेय. डेन्सिटी, म्हणजे टाक्यांच्या ओळींमधलं अंतर, 0.4 मिमीवरून 0.3 केली तर सगळं पुठ्ठ्यासारखं कडक झालं, भोवती चुण्या पडल्या, शिवाय दोरा तुटायला लागला. खाली आधाराला टिअरअवेचा (नंतर फाडून काढायच्या बॅकिंगचा) एक थर आहे. लहान अक्षरं याच मशीनवर इतकी सुरेख येतात, मग मोठ्यांनाच काय होतंय?

काजबटण:
आधी डेन्सिटी परत 0.4 वर न्या. 40 नंबरच्या दोऱ्याला तेवढी पुरते, 0.3 केली की त्याच जागेत जवळजवळ एक तृतीयांश टाके जास्त बसतात आणि सुई कापडाची चाळण करते. चुण्या आणि दोरा तुटणं त्यातूनच आलंय.

मूळ दुखणं सॅटिनचं आहे. सॅटिनमध्ये दोरा या कडेवरून थेट त्या कडेला जातो, मधे कुठेच कापडात धरलेला नसतो, त्यामुळे 7-8 मिमीपर्यंत छान चमकतो आणि त्यापुढे लोंबायला लागतो. तुमचं 14-15 आहे. त्यात मशीनला दिलेली फाइल डीएसटी (टाक्यांच्या फाइलचा एक फॉरमॅट) असेल तर त्या फॉरमॅटमध्ये एका वेळी 12.1 मिमीपेक्षा जास्त सरकताच येत नाही, लांब टाक्याच्या मधे जंप (टाका न घालता नुसती सरक) घातली जाते, मशीन अडखळतंय ते बहुतेक त्यामुळेच. दांडे फिलमध्ये घ्या, म्हणजे लहान टाक्यांच्या ओळींचा भराव, ज्याला तातामी म्हणतात तो. टाक्याची लांबी 4 मिमी, कोन तिरका 45 अंशाच्या आसपास. फिलची कड सॅटिनइतकी धारदार येत नाही म्हणून वरून 3 मिमीची सॅटिन बॉर्डर फिरवा, ती फिलवर थोडी चढलेली असू द्या. सॅटिनची चमकच हवी असेल तर स्प्लिट सॅटिन (लांब टाका मधे सुईने तोडलेला) आहे, पण जॅकेट रोज वापरायचं असेल तर मी फिलच घेईन.

आणि मोठं करताना मूळ फॉन्टमधून करा. तयार टाक्यांची फाइल ताणली तर बऱ्याचदा टाके तेवढेच राहतात, फक्त एकमेकांपासून लांब जातात.

उलटटाका:
वरचं सगळं बरोबर आहे, पण फ्लीसवर एक थर टिअरअवे ठेवून नुसता टाका बदलला तर काही केल्या कड सरळ येणार नाही. फ्लीस ताणतं, टिअरअवेला सुईची भोकं पडत गेली की त्यात जीव उरत नाही, मग मोठ्या अक्षराची ओढ झेलणार कोण? कटअवे (न फाटणारं, कडेने कापायचं बॅकिंग) लावा, दोन थर लागले तरी चालतील, स्प्रेने कापडाला चिकटवा, दोन्ही एकत्र हूपमध्ये (मशीनला लागणाऱ्या चौकटीत) घट्ट बसवा पण कापड ओढून ताणू नका, कारण ताणलेलं कापड हूपमधून सुटलं की आकसतं. वर पाण्यात विरघळणारी फिल्म टाका नाहीतर टाके फ्लीसच्या लवेत बुडतात. सुई 75/11, गोल टोकाची.

मग अंडरले, म्हणजे वरच्या भरावाआधी खाली घालायचे टाके. काठाच्या आत 1 मिमीवर एक रनिंग (साधी धावती शिलाई), त्यावर विरळ तातामी, वरच्या टाक्याला आडवा जाईल असा. याने कापड बॅकिंगला आधीच जखडलं जातं. लोक अंडरले वाचवतात आणि वरचा दोरा वाढवतात, ते उलटं आहे.

आता फट. कापड टाक्याच्या दिशेने आकसतं. तुमच्या ट्रायलमध्ये दांड्याचे टाके आडवे, म्हणून तो बाजूंनी बारीक होतो आणि टोकांना उलट लांबतो. शिरोरेषेचे टाके उभे, म्हणून ती वरून-खालून बारीक होते आणि अक्षरापासून सुटते. पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे ओढ धरून आकार आधीच थोडा रुंद करणं, 0.4 मिमी द्या, अक्षरं आधी भरा, त्यांची डोकी शिरोरेषेखाली 1-2 मिमी शिरू द्या, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी अख्खी एका दमात मारा. तुकड्यातुकड्याने मारली तर प्रत्येक जोड दिसतो.

सुईदोरा:
शिरोरेषेचं आत्ता डोक्यात शिरलं, ट्रायलच्या तुकड्यावर ती खरंच अक्षरांपेक्षा बारीक दिसतेय. अजून एक, भरायची सुरुवात डावीकडून करू की मधून? आणि पाठ फार जड होईल का?

काजबटण:
मधून. मधलं अक्षर आधी, मग एकेक बाजू बाहेरच्या दिशेने, म्हणजे कापड सरकलंच तर कडेला निघून जातं. वेग मिनिटाला 600 टाक्यांच्या आसपास ठेवा. जडपणाचं म्हणाल तर फिलमध्ये एका चौरस सेंटिमीटरला साधारण 60-65 टाके वरचेच होतात, सगळी अक्षरं धरली तर वजन जाणवणार.

उलटटाका:
जड नको असेल तर ॲप्लिक करा, एवढ्या मोठ्या अक्षराला मला तेच जास्त आवडतं. आधी जागेची रेघ, त्यावर कापडाचा तुकडा, मग तो धरून ठेवणारी शिलाई. मग हूप मशीनमधून काढा पण कापड हूपमधून काढू नका, बारीक वाकड्या कात्रीने शिलाईच्या अगदी लगत कापा आणि मग 3.5-4 मिमी सॅटिन कड. तुकड्याला मागून चिकटणारं फ्यूजिंग लावलं तर धागे सुटत नाहीत आणि कडेखालून कापड डोकावत नाही. शिरोरेषा आणि अक्षरं मिळून एकच तुकडा कापायचा, मग फटीचा प्रश्नच येत नाही.