'म्हातारचळ', 'लैंगिकता' की 'जवळीक'?

मी नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. म्हातारपणातल्या लैंगिकतेबद्दल त्यांना काय माहीत आहे आणि काय वाटतं, हे तपासायला एक जुनी इंग्रजी प्रश्नावली आहे. चार्ल्स व्हाइट यांनी ती १९८२ मध्ये केली. एकूण ६१ विधानं, त्यातली ३५ माहितीची आणि २६ मनोवृत्तीची. ती मराठीत आणायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले.

'लैंगिकता' हा शब्द घातला की मुलं 'शरीरसंबंध' एवढंच वाचतात. वर्गात विचारलं, ज्येष्ठांची लैंगिकता म्हणजे तुमच्या मते काय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "म्हातारचळ." सगळा वर्ग हसला. हसण्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना दुसरा शब्दच ठाऊक नव्हता, आणि मला तेच लागलं. तर 'म्हातारचळ' नेमका कशासाठी वापरायचा? 'लैंगिकते'ला सोपा पर्याय आहे का? आणि 'अ‍ॅटिट्यूड'ला 'दृष्टिकोन' लिहू की 'अभिवृत्ती'?

प्रतिसाद

शेवटचं आधी. मानसशास्त्राच्या पुस्तकात 'अभिवृत्ती' चालतो, पण मुलांच्या हातात द्यायच्या कागदावर 'दृष्टिकोन'च बरा.

आता 'चळ'. चळणं म्हणजे जागेवरून हलणं, ढळणं. बुद्धी चळते, माणसाला चळ लागतो. म्हणजे 'म्हातारचळ' म्हणताना आपण काही पाहिलं ते सांगत नाही, निकाल देऊन मोकळे होतो. सत्तरीतल्या माणसाला बायकोजवळ बसावंसं वाटलं तर त्याचं डोकं ठिकाणावर नाही, असा तो निकाल. 'तरुणचळ' असा शब्द कुणी ऐकलाय? इच्छा तीच, पण वय वाढलं की तिचा आजार होतो. गंमत म्हणजे 'वृद्ध' हा शब्द 'वृध्' धातूचा, वाढलेला या अर्थाचा. ज्ञानवृद्ध म्हणताना आपल्याला ते आठवतं, एरवी नाही.

'लैंगिकता' शब्द मात्र टाकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ती आयुष्यभराची धरली आहे, आणि तिच्यात संबंधांबरोबर जवळीक, सुख, स्वतःच्या स्त्री-पुरुषपणाची जाणीव हेही येतं. शब्द ठेवा आणि प्रश्नावलीच्या डोक्यावर त्याचा अर्थ दोन ओळींत लिहा.

प्रतिसाद

वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहिते. हार्ट अटॅकनंतर घरी निघालेले एक आजोबा. शिकाऊ सिस्टर गोळ्या समजावून सांगत होती. आजी पिशवी भरायला वळल्या तसं आजोबांनी हळू आवाजात विचारलं, "आणि आमचं दोघांचं… कधीपासून चालेल?" मुलीचे कान लाल झाले. "ते डॉक्टरांना विचारा," म्हणाली आणि फाइल मिटली. नंतर ड्यूटी बदलताना तिने सांगितलं, "पेशंट चावट बोलतो."

तो चावटपणा नव्हता, तो डिस्चार्जचा प्रश्न होता. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी त्यांना लिहून दिलेली होती. अशा माणसाने कुणाला न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, घेतलं तर रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. आपण विषय टाळला की ही गोष्ट त्याला कोण सांगणार?

एक मात्र खरं. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो, चारचौघांत कपडे काढणं, सिस्टरच्या अंगाला हात लावणं असं घडतं. ते सोसायचं नाही, तिथल्या तिथे सांगायचं. पण नोंदीत 'म्हातारचळ' नको आणि 'असभ्य' पण नको. काय केलं, किती वाजता, आधी काय घडलं, एवढं लिहा. त्यावरूनच डॉक्टरांना आजार कळतो.

बोलताना मी 'जवळीक' वापरते. "घरी गेल्यावर जवळिकीबद्दल काही विचारायचंय का? बरेच जण विचारतात." ते दुसरं वाक्य विसरू नका, त्यानेच समोरच्याचा संकोच जातो. पडदा ओढून, खाली बसून विचारा. उभ्याउभ्या विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येतं.

पुन्हा मी

दोघांचेही मनापासून आभार. मसुद्यात 'लैंगिकता' ठेवते, वर अर्थ लिहिते. संवादाच्या तासाला 'जवळीक'. त्या आजोबांचा प्रसंग वर्गात करून घेणार आहे, दोन मुलींना खुर्च्यांवर बसवून.

एक अडचण अजून आहे. काही विधानांत 'पती/पत्नी' लिहिलं होतं, आता वाचताना खटकलं. विधवा, विधुर, लग्न न केलेले, सगळे त्यातून गळतात. 'जोडीदार' लिहिलं तर आजी-आजोबांना तो आपला शब्द वाटेल का? वॉर्डात त्या पिढीची माणसं स्वतः काय म्हणतात, ते कुणी ऐकलं असेल तर सांगा.